बेसांव कोणाला?

संध्याकाळचे तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, संपले की आमच्या घरी मुले हात जोडून मोठ्यांकडे बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागत. आजी डोक्यावर हात ठेवून म्हणे, “देव बरें करूं.” दुपारी जिचा मार खाल्ला, तिचाच हात संध्याकाळी डोक्यावर असे. मालवण-वेंगुर्ल्याच्या ख्रिस्ती घरांत आशीर्वाद म्हणजे काय, हे धर्मशिक्षणाच्या वर्गाआधी असे कळते.

म्हणूनच १८ डिसेंबर २०२३ रोजी व्हॅटिकनने काढलेले ‘फिदुचिया सुप्लिकान्स’ हे घोषणापत्र मला परके वाटले नाही. समलिंगी जोडप्याने मागितल्यास धर्मगुरू साधा आशीर्वाद देऊ शकतात, असे त्यात म्हटले आहे. विवाहाची व्याख्या मात्र तीच राहते: एक पुरुष, एक स्त्री. लग्नासारखा विधी नको, लग्नाचा पोशाखही नको. आशीर्वाद मागणाऱ्याची आधी नैतिक झडती घेऊ नये, हे त्यातले वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते. त्याआधी, २०२१ मध्ये, याच व्हॅटिकनने अशा आशीर्वादाला नकार दिला होता.

यावर वादळ उठले. जानेवारी २०२४ मध्ये आफ्रिकेतल्या बिशपांनी हा आशीर्वाद आपल्याकडे देता येणार नाही, असे कळवले. त्याच महिन्यात व्हॅटिकनने खुलासा केला: आशीर्वाद दहा-पंधरा सेकंदांचा असावा, वेदीसमोर नसावा. विरोधकांची भीती खोटी नाही. डोक्यावरचा हात लोकांना लग्नाची मान्यता वाटेल आणि शिकवण धूसर होईल, असे ते म्हणतात. पण आपला रोजचा व्यवहार पाहा. नवी होडी पाण्यात लोटताना फादर पवित्र पाणी शिंपडतात, तेव्हा मालकाला कोणी विचारत नाही की मासेमारी-बंदीच्या दिवसांत जाळे टाकणार नाहीस ना? होडीला जी मुभा आहे, ती माणसाला नाकारायची कशी?

हा प्रश्न फक्त चर्चचा नाही. आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून मुक्त केले; १७ ऑक्टोबर २०२३ रोजी विवाहाचा हक्क मात्र नाकारला. त्याआधी, डिसेंबर २०१३ मध्ये न्यायालयाने या संबंधांना गुन्हा ठरवणारे ३७७ वे कलम कायम ठेवले, तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी अशा माणसांना गुन्हेगार ठरवण्याला विरोध केला होता. आपल्याच भूमीतला हा आवाज आपण विसरू नये.

सावंतवाडी हे मुख्यालय असलेला आपला सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ मध्ये स्थापन झाला. इथल्या वाड्यांत हा विषय कुजबुजीपलीकडे जात नाही. मुलगा मुंबईला जातो, नाताळला ‘रूममेट’ला घेऊन येतो आणि सुट्टीभर त्याच एका शब्दाआड लपून राहतो. आईला कळलेले असते, ती बोलत नाही. तिला फादरांचे काय म्हणणे पडेल याची धास्ती, आणि फादरांना गावाची.

धर्मगुरूंनी काय करावे, यावर रोममध्ये चर्चा होत राहील; ती व्हायलाच हवी. पण बेसांव देण्यासाठी आईवडिलांना बिशपांची परवानगी कधीच लागली नव्हती. या नाताळला तो घरी आला, की तेर्स संपल्यावर त्याच्या डोक्यावर हात ठेवा. सोबत आलेला मुलगाही हात जोडून उभा असेल, तर त्याच्याही.