झिजेची नक्कल

आमच्या घरी पितळेचा एक जुना सोऱ्या आहे. त्यावर आजीचे नाव आणि १९४१ हे साल ठिपक्याठिपक्यांनी घातलेले आहे. दर दिवाळीला तो फडताळातून खाली येतो, चिंचेने घासला जातो आणि चकल्या झाल्या की पुन्हा वर जाऊन बसतो. गेल्या वर्षी मात्र त्याचे आटे इतके झिजले की दांडा फिरवला तरी दट्ट्या खाली उतरेना. बाजारात नवे सोरे पुष्कळ मिळतात. पण मला हवा होता तसाच दुसरा. म्हणून तो घेऊन मी लेथवर काम करणाऱ्या एका ओळखीच्या तरुणाकडे गेलो. त्याने उलटसुलट फिरवून पाहिला, मापे घेतली आणि अगदी साधेपणाने विचारले, "काका, झीज पण उतरवायची का?"

मला हसू आले. पण घरी येता येता ते हसू मावळले. 'तसाच' म्हणजे कसा? आजीने विकत आणला त्या दिवशी होता तसा, की आज माझ्या हातात आहे तसा?

हाच प्रश्न इंग्लंडात काही माणसे एका चिमुकल्या मोटारीच्या इंजिनापुढे बसून सोडवीत असतात. ती मोटार म्हणजे ऑस्टिन सेव्हन. १९२१ साली बर्मिंगहॅमजवळची हर्बर्ट ऑस्टिन यांची कंपनी कर्जाने वाकलेली होती. लहान कुटुंबाला परवडेल अशी लहान गाडी काढण्याची त्यांची कल्पना संचालकांना रुचेना. तेव्हा त्यांनी कारखान्यातल्या स्टॅन्ले एज नावाच्या १८ वर्षांच्या आरेखकाला आपल्या घरी बोलावले आणि बिलियर्डच्या खोलीत गाडीचे आराखडे तयार झाले. १९२२ मध्ये गाडी बाहेर पडली. तिचे चार सिलिंडरांचे इंजिन लवकरच ७४७ घनसेंटिमीटरांचे झाले. ताकद म्हणाल तर सुमारे १० अश्वशक्ती, आजच्या साध्या स्कूटरीइतकी. पण १९३९ पर्यंत अशा सुमारे २,९०,००० गाड्या रस्त्यावर आल्या. बीएमडब्ल्यूने मोटारींच्या धंद्यात पाऊल टाकले ते १९२८ मध्ये, याच गाडीचा परवाना असलेला जर्मन कारखाना विकत घेऊन.

या गुणी इंजिनात एक उणीव होती. पिस्टनांची खालीवर धाव ज्याच्या योगे गोल फिरण्यात बदलते तो वाकणावाकणांचा दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, फक्त दोन टोकांच्या बेअरिंगांवर टेकलेला होता. मध्ये आधार नाही. ओले कपडे घातलेली वाळवणीची काठी जशी मध्ये लवते, तसा वेग वाढला की हा दांडा लवे. अशी लाखो लवणी सोसून जुने दांडे आता मोडू लागले आहेत, अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्यांना तडे जात आहेत. म्हणून ते भाग नव्याने घडविले जातात. संगणकावर आरेखन होते, आकड्यांच्या हुकमावर चालणारी यंत्रे केसाच्या जाडीहूनही बारीक अचूकतेने पोलाद कापतात. प्रकाशकिरणांनी एखादा भाग मोजून त्याची आकृती काही मिनिटांत पडद्यावर उभी करता येते.

पण हे किरण मोजतात काय? समोर आहे ते. घडविणाऱ्याच्या मनात होते ते नव्हे. जुना सिलिंडर घ्या. तो वरच्या भागात अधिक झिजतो, एका अंगाला जास्त, त्यामुळे गोल भोक लंबगोल होते. मधल्या काळात कुणी मेकॅनिक ते पुन्हा कातून थोडे मोठे करतो आणि मोठा पिस्टन बसवितो. म्हणजे त्या एका भोकात तीन हातांची अक्षरे एकमेकांवर उमटलेली असतात: घडविणाऱ्याची, दुरुस्त करणाऱ्याची आणि काळाची. यंत्राला तिन्ही सारखीच. त्यांतले कोणते अक्षर गिरवायचे आणि कोणते पुसायचे, हे माणसालाच ठरवावे लागते.

मिलिंद राजाला नागसेनाने रथाचे उदाहरण देऊन समजावले होते की चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजेही नव्हे. 'रथ' हे आपण व्यवहारासाठी दिलेले नाव आहे. तो विचार मान्य केला तर नवे इंजिन तेच की वेगळे, हा वाद फारसा उरत नाही. पण माझी अडचण त्याने मिटत नाही. नाव व्यवहाराचे असेल, पण त्या नावाने आपण कुणाला तरी शब्द दिलेला असतो. तो कसा पाळायचा?

एक पक्ष म्हणतो, दांडा जसा होता तसाच करा, लवतो तर लवू द्या. ती उणीव म्हणजेच त्या इंजिनाचा स्वभाव. दुसरा म्हणतो, आज चांगले पोलाद आहे, दांडा बळकट करा. पहिल्याचे म्हणणे कानाला भक्तीसारखे गोड लागते. पण इतिहास पाहिला तर ऑस्टिनच्या कारखान्यानेच पुढे तो दांडा जाड केला आणि १९३६ मध्ये मधोमध तिसरे बेअरिंगही घातले. जी उणीव घडविणाऱ्यालाच सलत होती, ती आपण पूज्य म्हणून जपायची, यात त्याचा मान राहतो असे मला वाटत नाही.

म्हणून सगळेच सुधारावे काय? तेथेही थांबावे लागते. या गाडीचे ब्रेक मुळातच दुबळे. दांडा पोलादी करून इंजिनाला दुप्पट धावायला लावले, तर थांबवायचे कशाने? एक उणीव काढली की शेजारची उघडी पडते. ती काढावी तर तिसरी. अशा पायऱ्या चढत गेलो तर अखेरीस उत्तम गाडी हाती येईल, पण ती ऑस्टिन सेव्हन असणार नाही. दोष आणि मर्यादा यांत फरक आहे. दांडा मोडणे हा दोष. गाडी लहान, स्वस्त आणि हळू असणे ही मर्यादा, आणि ती त्या बिलियर्डच्या खोलीत विचार करून पत्करलेली होती. दोष दूर करणे ही सेवा आहे. मर्यादा पुसून टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या नावावर आपली हौस भागविणे.

यापुढची गोष्ट निव्वळ सचोटीची. आजची यंत्रे इतके हुबेहूब घडवितात की नव्या पेटीवर जुना क्रमांक ठोकला तर जाणत्याचीही फसगत व्हावी. नक्कल करण्यात पाप नाही. ती नक्कल आहे हे लपविण्यात आहे. आज फसणारा गिऱ्हाईक तर आहेच, पण उद्या कुणी अभ्यासू मुलगी ती पेटी उघडून '१९२५ साली असे पोलाद वापरीत' अशी नोंद करील, तेव्हा आपण तिलाही खोटे बोललेलो असू.

असो. माझ्या सोऱ्याचे सांगायचे राहिले. कारागिराने आट्यांची झीज वगळून मूळ अंतर हिशेबाने काढले. अडचण आली ती चकतीपाशी. तिच्या चांदणीचा एक कोपरा कधीचा बुजलेला आहे, त्यामुळे आमच्या चकलीची एक कड नेहमी गुळगुळीत. लहानपणापासून मी 'आजीची चकली' ओळखतो ती त्या कडेवरून. तो कोपरा तसाच ठेवायचा, असे मी ठरवून टाकले होते. आईला सांगितले तेव्हा ती पिठाचे हात तसेच ठेवून माझ्याकडे पाहतच राहिली.

"अरे, त्या कोपऱ्यापायी सासूबाई दरवर्षी चिडायच्या," ती म्हणाली. "तांबट आला की कानशीने मोकळा करून घेऊ म्हणायच्या. ते राहूनच गेले."

ज्याला मी तिची खूण समजून उराशी धरले होते, ते तिचे राहून गेलेले काम होते. आणि मी ते विचारलेही नव्हते. तिला ओळखणारे माणूस घरातच असताना.

नव्या चकतीचे सगळे कोपरे धारदार आहेत. कारागिराने शेवटी विचारले, "नाव आणि साल जुनेच घालू ना?" मोह झाला, खोटे कशाला बोलू! पण आईने नाव आजीचे घालायला सांगितले आणि साल या वर्षीचे. जुना सोऱ्या फडताळात त्याच्याशेजारीच ठेवला आहे. यंदाच्या चकलीला चारी बाजूंनी काटे आहेत. पहिली उचलली तेव्हा माझे बोट अजून ती गुळगुळीत कड शोधीत होते.