गुलाबी मनोरा आणि दोघी

जे मूल शाळेत जातच नाही, त्याला मे महिन्यात सुट्टी कशाची? यंदा हा प्रश्न माझ्या पाच वर्षांच्या मुलीनंच मला विचारला. सोसायटीच्या आवारात सकाळपासून मुलांचा गलका सुरू झाला, वरच्या मजल्यावरची भावंडं बॅगा घेऊन आजोळी निघाली, घरोघरी आंब्याच्या पेट्या आल्या, आणि सगळ्यांचं काहीतरी संपलंय हे तिच्या लक्षात आलं. "आई, माझी शाळा कधी सुटणार?" मी म्हटलं, तुझी शाळा म्हणजे आपलं घर, ते कसं सुटेल? उत्तर देऊन झालं आणि मलाच ते खुपत राहिलं. शाळेतलं मूल दुपारी बाईंपासून सुटून आईकडे येतं. माझ्या मुलीनं माझ्यापासून सुटून कुठं जायचं?

मुलीला घरीच शिकवण्याचा हा मार्ग आम्ही विचार करून धरला. अडीच-तीन वर्षांच्या मुलांना बाकावर बसवून रेघा गिरवायला लावलेलं जवळून पाहिलं होतं, ते आपल्या मुलीच्या वाट्याला यायला नको असं आम्हा दोघांनाही वाटलं. मी नोकरी सोडली. आतल्या खोलीतलं मोठं कपाट काढून तिथं तिचा हात पोचेल अशा फळ्या बसवून घेतल्या. त्यांवर गुलाबी मनोरा आहे, म्हणजे एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतचे दहा लाकडी ठोकळे. खाचांत बसणारे दट्टे आहेत, मण्यांच्या माळा आहेत, खरखरीत कागद कापून चिकटवलेली अक्षरं आहेत. खाली टोपलीत लहान केरसुणी, सुपली, पुसायची फडकी. सकाळचे तीन तास आम्ही मोकळे ठेवतो. त्या वेळात तिनं हवं ते काम उचलायचं, हवं तितका वेळ करायचं आणि पुन्हा जागेवर ठेवायचं. मध्ये कोणी बोलायचं नाही. या माँटेसरी पद्धतीत सत्य आहे हे मी रोज पाहते. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतताना तिच्या चेहऱ्यावर जी शांतता येते, ती मी कुठलंही खेळणं आणून देऊ शकले नसते.

तेव्हा मला शंका घ्यायची आहे ती पद्धतीवर नाही, माझ्यावर.

मी एक वही लिहिते. आज काय निवडलं, किती वेळ रमली, कुठं अडली. पाहणं हे शिक्षकाचं पहिलं काम, असं मारिया माँटेसरी सांगत आल्या. पण त्यांच्या बालगृहातली शिक्षिका त्या मुलांची आई नव्हती. मुलानं मनोरा कसा रचला यावर तिची स्वतःची किंमत ठरत नव्हती. माझी ठरते, निदान मला तसं वाटतं. मधला एखादा ठोकळा चुकला, मनोरा वेडावाकडा झाला, तर मी गप्प बसायचं असतं. चूक साहित्यच दाखवून देतं आणि मूल ती आपली आपण सुधारतं. मी गप्प बसतेही. पण आत काहीतरी आवळलं जातं. लग्नकार्यात भेटणारे, "शाळेत घातलंच नाही? मग पुढं कसं?" असं काळजीनं विचारणारे नातेवाईक डोळ्यांपुढे येतात, आणि त्यांना दाखवायला माझ्याजवळ एकच पुरावा असतो, ही मुलगी. पाच वर्षांच्या जिवाला आपल्या निर्णयाचा पुरावा करायचा अधिकार मला कोणी दिला?

माँटेसरी हे सगळं आईच्या जागेवरून शिकल्या नव्हत्या. त्या डॉक्टर होत्या. 1898 साली जन्मलेला त्यांचा मुलगा मारिओ लहानपणी त्यांच्याजवळ नव्हता. तो खेड्यात दुसऱ्या कुटुंबात वाढला आणि किशोरवयात त्यांच्याकडे आला. पुढे तोच त्यांचा सर्वांत जवळचा सहकारी झाला. 1939 साली दोघं मद्रासच्या अड्यारला आले आणि महायुद्धामुळे 1946 पर्यंत हिंदुस्थानातच राहिले. अविवाहित आईला त्या काळानं किती कमी वाटा मोकळ्या ठेवल्या असतील, हे मनात आणलं की त्यांना उणं म्हणवत नाही. मला यातून कळतं ते वेगळंच. ही पद्धत एका आईनं एका मुलाला शिकवताना सुचलेली नाही, ती पुष्कळ मुलांच्या खोलीत जन्मली. तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र, आणि प्रत्येक साहित्याचा एकच संच. मनोरा दुसऱ्याच्या हातात असला तर थांबायचं. मोठ्या मुलानं कसं केलं ते बघायचं, उद्या लहान मुलाला आपण दाखवायचं. आमच्या घरात मनोरा सदैव मोकळा असतो. इतकी निगुतीनं मांडलेली खोली, आणि तिच्यात माझ्या मुलीला कोणासाठी थांबावं म्हणून लागत नाही.

आणि मग मे महिन्यात मावशींची मुलगी येऊ लागली.

मावशी आमच्याकडे भांडी, केर-फरशी करतात; आणखीही काही घरं आहेत त्यांची. महापालिकेची शाळा बंद, नवरा सकाळीच कामावर, वस्तीतल्या पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नाही, आणि आठ वर्षांच्या मुलीला एकटं ठेवायचं तरी कसं? म्हणून त्या तिला बरोबर आणू लागल्या. पहिल्यांदा ती स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिली. माझी मुलगी तिला हाताला धरून आत घेऊन गेली. त्या मुलीनं ठोकळे हातात घेतले, वजन केल्यासारखे तोलले आणि भराभर मनोरा रचला. आतून मावशींचा आवाज आला, "ठेव ते. त्यांचं आहे." मी म्हटलं, असू द्या हो, खेळू द्या. तेवढं म्हणायला काही लागत नाही.

चार दिवसांनी दोघींना मनोरा एकाच वेळी हवा झाला. माझी मुलगी रडली, रुसली, जमिनीवर पाय आपटले, आणि शेवटी चटईच्या कडेला बसून वाट पाहू लागली. मी मध्ये पडले नाही. त्या रात्री वहीत आनंदानं लिहिलं, की आज ती थांबायला शिकली. लिहिलेलं पुन्हा वाचताना ध्यानात आलं, की वहीत दुसऱ्या मुलीविषयी एक अक्षर नाही. ती काय करत होती, मनोरा सोडताना तिनं काय पाहिलं, तिला काही हवं होतं का, यातलं मी काहीच टिपलं नव्हतं. माझ्या मुलीच्या शिक्षणात जी उणीव होती ती भरून काढायला ती आली होती, आणि मी तिची नोंद साहित्यासारखीसुद्धा केली नव्हती. साहित्याला माझ्या वहीत निदान नाव आहे.

त्यानंतर मला त्या खोलीत दुसरंही दिसू लागलं. माझी मुलगी लहान केरसुणी घेऊन चटईखालचा कचरा काढते, तेव्हा ते जीवनव्यवहाराचं काम असतं. त्यातून हाताची पकड, क्रम, एकाग्रता घडते. मावशींची मुलगी त्याच वेळी आईला हातभार म्हणून बाल्कनी झाडते, आणि तिच्यापासून आम्ही काहीच घडण्याची अपेक्षा करत नाही. काम एकच आहे. एकीला ते नको असेल तर सोडता येतं, दुसरीला सोडता येत नाही, एवढाच फरक, आणि तो फार मोठा आहे. माझे ते सकाळचे तीन मोकळे तास तरी कुठून येतात? मी त्यांना माझ्या मुलीची एकाग्रता म्हणत आले. त्या वेळात ओट्याशी मावशी उभ्या असतात म्हणून मी चटईजवळ बसू शकते. त्यांच्या मुलीजवळ कोणी बसावं, याचा विचार मात्र मे महिन्यात ती दारात येऊन उभी राहीपर्यंत मला शिवला नव्हता.

ज्या पद्धतीचं नाव मी घेते तिचा जन्म कुठं झाला हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेन्झो भागात पहिलं बालगृह सुरू झालं, ते गरीब कामकऱ्यांच्या चाळीत. आईबाप दिवसभर कामावर, मागे राहिलेली लहान मुलं जिन्यांत फिरत आणि भिंती खराब करत, म्हणून इमारतीच्या मालकांना त्यांना सांभाळायला कोणीतरी हवं होतं. या पद्धतीचे कितीतरी शोध त्या मुलांनी घडवले. मावशींच्या मुलीची गोष्ट त्यांच्या गोष्टीहून फारशी निराळी नाही. माझ्या मुलीची मात्र पुष्कळच निराळी आहे.

आपल्याकडे ही टोचणी फार पूर्वी एका बाईंना लागली होती. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं, 1926 साली नूतन बालशिक्षण संघ उभा करण्यात त्या होत्या, 1936 साली दादरला शिशुविहार काढला. शिशुविहार उत्तम चाललं होतं. तिथंच थांबल्या असत्या तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. पण 1945 साली त्या बोर्डी या गावी गेल्या. गरिबांची, आदिवासींची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तिथली. त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. 1957 साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, आणि धाकट्या भावंडाला सांभाळायचं म्हणून शाळेत न येणाऱ्या मुलीसाठी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली. महागड्या साहित्याच्या जागी शिंपले, गोटे, बिया, पानं आली. मी हे सारं कौतुकानं वाचलं होतं. मुलीच्या टोपलीत शिंपले आणि चिंचोकेही ठेवले होते. त्यांच्या कामातलं मला जे सोपं होतं, तेवढंच उचललं होतं.

एका सकाळी मावशींनी हात पुसत पुसत सांगितलं, "वहिनी, तिला भांडी घासायला येतंय, झाडायला येतंय. वाचायचं जमत नाही बघा. तेवढं शिकवा." ती दुसरी संपवून तिसरीत जाणार. मी पुस्तक उघडून दिलं. सुटी अक्षरं तिला सगळी येतात. काना, वेलांटीपर्यंत ठीक. उकार आणि मात्रा एकाच शब्दात आले की ती थबकते, जोडाक्षर दिसलं की अंदाजानं काहीतरी म्हणते आणि माझ्या तोंडाकडे बघते. ते बघणं मला फार लागलं. चुकलं तर काय होईल हे तिनं आधीच शिकून ठेवलं होतं.

मग रोज तासभर आम्ही बसू लागलो. खरखरीत अक्षरांवर बोट फिरवायचं तिचं वय उलटलं होतं असं मला वाटलं, पण तिनं ती आपणहून मागितली, आणि जोडाक्षरांसाठी आम्ही नवी कापून घेतली. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवलं. ती बोलायची, मी मोठ्या अक्षरात लिहायची, मग ती ते वाचायची. स्वतःचंच बोलणं असल्यामुळे अडली तरी पुढं काय येणार हे तिला माहीत असायचं. सोलापूरकडच्या गावी आजी कुरडया करते तेव्हा गव्हाचा चीक कसा शिजतो, तो गरम गरम कसा खायचा, वाळवणावर राखण बसून पाखरं कशी हाकलायची, हे तिनं इतक्या बारकाईनं सांगितलं की माझी मुलगी हातातलं काम टाकून ऐकत बसली. "चीक" हा शब्द माझ्या मुलीनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "चिक्कार" हा जोडाक्षराचा शब्द त्याच पानावर होता. मावशींच्या मुलीनं तो न थबकता वाचला.

आता जे सांगायचं ते सांगते. मला या कामात सुख मिळतं आहे, आणि त्या सुखावर माझा विश्वास नाही. ती आल्यापासून माझ्या मुलीला सोबत मिळाली, थांबणं आलं, ताई मिळाली. मिश्र वयोगटाचा वर्ग मला घरबसल्या मिळाला. मी तिला शिकवते ते तिच्यासाठी, की माझ्या मुलीची खोली पूर्ण व्हावी म्हणून? दोन्ही असेल, असं म्हणून सुटता येतं. पण सद्सद्विवेक इतक्यावर सोडत नाही. तो विचारतो, माझ्या मुलीला काहीच मिळत नसतं तरी हा तास मी काढला असता का? मे महिन्यात मावशी गावी लग्नाला जातात ते दिवस मी आजवर भरपगारी धरले नव्हते, यंदा धरले; तेही ती मुलगी ओळखीची झाल्यावर. ओळख झाल्याशिवाय माझ्यात न्याय जागा होत नसेल, तर या घरातून माझी मुलगी न्यायाविषयी काय शिकणार? ती फळीवरच्या वस्तूंकडून जे शिकते त्याहून जास्त या घरात कोण बसतं, कोण उभं राहतं, कोण कोणाला विचारून हात लावतं, यावरून शिकते. पुढच्या वर्षी ती सहाची होईल. तिला शाळेत घालायचं का, हे ठरवताना आम्ही आजवर फक्त तिच्या आनंदाचं आणि स्वातंत्र्याचं बोलत आलो. तिच्याबरोबर कोणाची मुलं बसतील, हा विचार त्या बोलण्यात नव्हता. तो आता आला आहे आणि अजून सुटलेला नाही.

जूनमध्ये महापालिकेची शाळा उघडेल. मावशींच्या मुलीची शाळा सकाळची, म्हणजे आमच्या त्या तीन तासांत ती नसेल. मी मावशींना विचारलं, दुपारी तिला पाठवाल का? त्या म्हणाल्या, तीन ते चार जमेल, नंतर तिला धाकट्या भावाला बघायचं असतं. त्या वेळात माझी मुलगी झोपलेली असते. तासभर आम्ही दोघीच असू, आणि वहीत लिहायला माझ्या मुलीचं काही नसेल. मी हो म्हटलं आहे. तिच्यासाठी वेगळी वही आणली आहे.