घेतला वसा

आटपाट नगर होतं. त्याला राजा नव्हता, महापौर होता, आणि तो महापौर म्हणजे कॉम्प्युटरसमोर बसलेला कोणीही. त्याने रस्ते आखायचे, पाणी आणायचं, वीज द्यायची, माणसं राहायला आली की त्यांची गाऱ्हाणी ऐकायची. विल राइट नावाच्या अमेरिकन माणसाने १९८९ साली हे नगर ‘सिमसिटी’ या नावाने लोकांपुढे ठेवलं. त्याआधी तो बॉम्बफेकीचा एक गेम करत होता. त्यासाठी बेटं, रस्ते, कारखाने रचता रचता त्याच्या लक्षात आलं, की उडवण्यापेक्षा रचण्यातच आपला जीव जास्त रमतो. त्या रमण्यातून गेमचं एक घराणं उभं राहिलं. त्याच्या कंपनीचं, मॅक्सिसचं, नाव जगभर झालं. २००३ साली ‘सिमसिटी ४’ आला आणि पुढची दहा वर्षं लोक मॅक्सिसच्या पुढच्या सिमसिटीची वाट बघत राहिले.

२०१३च्या मार्चमध्ये तो आला. इंटरनेट सतत चालू असल्याशिवाय तो उघडतच नसे. पहिल्याच दिवसांत सर्व्हर कोलमडले आणि रोख पैसे मोजलेली माणसं वेशीबाहेर ताटकळली. आत शिरलेल्यांना शहर वसवायला जागा मिळाली ती जेमतेम दोन किलोमीटर लांब, दोन किलोमीटर रुंद. पण खरी जिव्हारी लागणारी गोष्ट निराळीच होती. संध्याकाळी कामावरून सुटलेला माणूस स्वतःच्या घरी जात नसे. वाटेत जे पहिलं रिकामं घर लागेल त्यात तो शिरे आणि सकाळी जी पहिली मोकळी नोकरी दिसेल तिच्यावर हजर होई. एका माणसावर बोट ठेवून दोन दिवस त्याच्यामागे फिरलं, की हे कळून चुके. नगर देखणं होतं, पण तिथे कुणाचंच बिऱ्हाड नव्हतं.

सर्व्हरशिवाय हा गेम चालणं शक्य नाही, असं सुरुवातीला सांगितलं गेलं होतं. वर्षभराने तो सर्व्हरशिवाय चालू लागला. तोवर माणसं उठून गेली होती. ४ मार्च २०१५ रोजी एमरीव्हिलमधलं मॅक्सिसचं मुख्य ऑफिस बंद झालं.

आता दुसऱ्या गावी जाऊ. फिनलंडमध्ये टांपेरे नावाचं शहर आहे, दोन मोठ्या तळ्यांच्या मध्ये वसलेलं. वरच्या तळ्याचं पाणी खालच्या तळ्यात उतरतं आणि त्या उतारावर एके काळी कापडगिरण्या चालायच्या. तिथे कलॉसल ऑर्डर नावाची एक छोटी कंपनी होती. डझनभर माणसं, प्रमुख मरिना हालिकाइनेन. बस-ट्रामचं जाळं विणायचे गेम त्यांनी केले होते, पण मनात अख्खं शहर होतं. त्यांचा प्रकाशक होता स्वीडनचा पॅराडॉक्स. सिमसिटीच्या समोर आपण काय टिकणार, म्हणून तो कचरत होता. २०१३ साली सिमसिटी तोंडावर आपटला आणि त्यानंतर होकार आला.

१० मार्च २०१५ रोजी, म्हणजे मॅक्सिसच्या दाराला कुलूप लागल्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी, यांचा ‘सिटीज: स्कायलाइन्स’ बाजारात आला. पहिल्या चोवीस तासांत अडीच लाख प्रती खपल्या, महिन्याभरात दहा लाख.

त्या यशाचं मर्म सांगायचं तर मी पाण्याचं उदाहरण देईन. या गेममध्ये नदी खरोखर वाहते. पंप बसवायचा, सांडपाण्याचा नळ सोडायचा, दोन्ही एकाच काठावर. प्रवाहाची दिशा बाणांनी दिसते, पण घाईत तिकडे कोण बघतो! नवखा महापौर पंप खालच्या अंगाला बसवतो आणि गटार वरच्या. काही दिवस सगळं छान चालतं. मग एका घरावर आजारपणाची खूण उमटते, मग अख्ख्या गल्लीवर. महापौर दवाखाना बांधतो. तरी खुणा वाढतातच. तो दुसरा दवाखाना बांधतो, ॲम्ब्युलन्स धावू लागतात, तिजोरी रिती होत जाते. शेवटी कधीतरी तो नदीच्या काठाशी नजर नेतो आणि पाण्यात पसरत चाललेला तपकिरी डाग थेट आपल्या पंपापर्यंत आलेला बघतो. गेम त्याला रागावत नाही, उत्तरही सांगत नाही. दवाखाने वाढवून भागणार नाही, पंप उचलून वरच्या अंगाला न्यावा लागेल, हे त्याचं त्याला उमगतं. असं स्वतः कमावलेलं शहाणपण माणूस विसरत नाही. ज्या खेळात चुकीची किंमत मोजावी लागते, त्याच खेळावर माणूस माया करतो.

पण हेही सांगायला हवं की पहिल्या दिवशी तो गेम परिपूर्ण मुळीच नव्हता. बोगदे नव्हते. रात्र होत नव्हती. सायकली नव्हत्या. एकदम राहायला आलेली माणसं एकदमच म्हातारी होऊन एकदमच मरायची आणि शववाहिका ट्रॅफिकमध्ये अडकल्या की घरोघर प्रेतं पडून राहायची. लोकांनी हे सहन केलं, कारण पलीकडचा माणूस ऐकतोय हे त्यांना दिसत होतं. मे महिन्यात बोगदे आले, तेही फुकट. सप्टेंबरात रात्र आली, सोबत सायकलीही. खेळणाऱ्यांना स्वतःचे भाग जोडायची मुभा पहिल्या दिवसापासून होती. कोणी चौक सुधारले, कोणी सिग्नल, कोणी आपल्या गावातली इमारत हुबेहूब घडवून सगळ्यांना वापरायला दिली. आठ वर्षं हे चाललं. ऐकणं हाच त्या छोट्या कंपनीचा वसा होता आणि त्या वशाचं फळ त्यांना भरभरून मिळालं.

मग दुसरा भाग आला. २४ ऑक्टोबर २०२३.

नकाशा कितीतरी मोठा, ऋतू बदलणारे, रस्ते आखायची साधनं पहिल्यापेक्षा सरस. याचं श्रेय द्यायलाच हवं. पण शहर वाढू लागलं की चांगले चांगले कॉम्प्युटर धापा टाकू लागले. जाणकारांनी आत डोकावून पाहिलं, तेव्हा कळलं की रस्त्यावरून चालणाऱ्या प्रत्येक माणसाच्या तोंडात दातांची पूर्ण कवळी घडवलेली आहे. दुरून मुंगीएवढा दिसणारा माणूस, पण त्याची हलकी आवृत्तीच केलेली नाही, त्यामुळे कॉम्प्युटर हजारो मिटलेल्या तोंडांतले दात रंगवत बसलेला. सायकली गायब होत्या. खेळणाऱ्यांना स्वतःचे भाग जोडायची सोय पहिल्या दिवशी नव्हती.

आणि पैसा संपत नव्हता! महापौराने कितीही उधळपट्टी केली तरी सरकारी अनुदान मागून येऊन खड्डा भरून काढायचं. चुकीचा रस्ता आखा, नको तिथे कॉलेज बांधा, दिवाळं निघायचंच नाही. माझ्या मते संथपणापेक्षाही हा घाव खोल होता. संथ गेम कधीतरी वेगवान होतो, पण जिथे चुकण्याला अर्थच नाही तिथे महापौराने बसायचं कशाला?

मराठीत आपण म्हणतो, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. इथे पुढच्याला नुसती ठेच लागली नव्हती, तो डोळ्यांदेखत कोसळला होता, आणि त्याच्या कोसळण्यामुळेच मागच्याला वाट मिळाली होती. तरी मागचा का पडला? कंपनी उतली-मातली असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. गेम येण्याच्या काही दिवस आधी त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं, की ठरवलेला वेग आम्हाला अजून गाठता आलेला नाही. अशी कबुली द्यायला धैर्य लागतं. मात्र ती देऊन तारीख तीच ठेवली गेली. दोष सांगितला की त्याचं ओझं उतरतं, असं सांगणाऱ्याला वाटतं. घेणाऱ्याच्या घरी तो दोष पूर्ण वजनानिशी पोचतो.

शिवाय दुसऱ्या भागाची तुलना २०१५च्या त्या पहिल्या दिवसाशी होणारच नव्हती. ती होणार होती आठ वर्षं सगळ्यांनी मिळून घडवलेल्या नगराशी. तिथला निम्मा चुना-विटांचा माल कंपनीचा नव्हताच, खेळणाऱ्यांचा होता. नवीन भाग करताना कंपनीने स्वतःचं काम बरोबर आणलं, लोकांचं काम मागे राहिलं. जे जे मागून मिळालं होतं, तेच नेमकं पुन्हा मागायची वेळ आली.

पुढचं थोडक्यात. मार्च २०२४मध्ये समुद्रकाठच्या घरांचा एक जादा भाग विकायला काढला. मूळ घर गळत असताना ओसरी विकायला काढलेली पाहून लोक संतापले. एप्रिलमध्ये कंपनी आणि प्रकाशक दोघांनी मिळून जाहीर माफी मागितली, पैसे परत केले, तो भाग सगळ्यांना मोफत दिला. जूनमध्ये ते अनुदान काढून टाकलं. त्यामुळे भरभराटीला आलेली शहरं तोट्यात जाऊ शकत होती. कर वाढवा, खर्चाला कात्री लावा, अशी वेळ येऊ शकत होती. माझ्या लेखी गेम त्या महिन्यात सुरू झाला, विक्रीनंतर आठ महिन्यांनी.

तोवर अनेक जण आपल्या जुन्या नगरात परतले होते. नोव्हेंबर २०२५मध्ये कलॉसल ऑर्डर आणि पॅराडॉक्स यांनी वेगळं होत असल्याचं जाहीर केलं. २०२६पासून हा गेम टांपेरेतल्याच दुसऱ्या एका कंपनीकडे, आइसफ्लेककडे, सोपवायचं ठरलं. ज्यांनी हे नगर मनात धरलं, हट्टाने उभं केलं, त्यांच्याच हातून ते गेलं याचं मला वाईट वाटतं. नव्या हातांनी पहिलं वर्ष नुसती दुरुस्ती करत काढलं, एकही नवी इमारत विकली नाही, रोज एक गाऱ्हाणं ऐकलं आणि एक मिटवलं, तरी माझी काही तक्रार असणार नाही.