उतार दिसतो, तरी चेंडू चुकतो

संगणकावरच्या गोल्फमध्ये माणूस सर्वांत अधिक चिडतो तो शेवटच्या हलक्या टोल्यापाशी, म्हणजे 'पटिंग' करताना. भोक सव्वाचार इंच रुंद. काही खेळांत पडद्यावरील हिरवळीवर जाळी आखलेली असते. तिच्यावरून सरकणारे ठिपके उताराची दिशा दाखवितात. उतार तीव्र, तितके ते वेगाने धावतात. तरीही चेंडू काठावरून निघून जातो, आणि आम्ही म्हणतो, "हा खेळच लबाड आहे!"

ही लबाडी खरोखर आहे काय? हळू चेंडू उतारावर अधिक वळतो, जोराचा कमी. म्हणून एकाच उतारावर नेम कोठे धरावा, हे आमच्या टोल्याच्या जोरावर ठरते. ठिपके माहिती देतात. निर्णय आम्हांलाच घ्यावा लागतो.

प्रत्यक्ष मैदानावरही हा प्रश्न उभा राहिला. खेळाडू उतारांचे बारीक नकाशे असलेल्या वह्या वापरू लागले. तेव्हा नियमकर्त्यांनी २०२२ पासून वरच्या दर्जाच्या स्पर्धांना त्यांवर निर्बंध घालण्याची मुभा दिली. हिरवळ स्वतःच्या नजरेने पारखणे हे खेळाडूचेच कसब मानले गेले.

खेळ केव्हाही बंद करता येतो; पण चुकलेल्या प्रत्येक नेमामागे दुसऱ्याची लबाडी पाहण्याची सवय पडद्याबरोबर बंद होत नाही. ती घरच्या माणसांपर्यंत पोहोचते. जे आम्हांपासून लपविले गेले, त्याविषयी तक्रार अवश्य करावी. जे आमच्यावर सोपविले आहे, त्याविषयी मात्र पुन्हा एकदा नीट पाहावे आणि पुढचा टोला मारावा.