सगळ्यांना माहीत आहे, हे माहीत असणं

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना त्यांतून वेगळं काढून मान्यता दिली. तेव्हापासूनची चर्चा दोनच खुंट्यांना बांधलेली आहे: बाजारपेठ किती वाढेल आणि मुलं किती बिघडतील. सामना बघायला सभागृहात जाणारा माणूस त्यात एक तर ग्राहक असतो किंवा रुग्ण. तो जातो कशासाठी, हे कुणी विचारत नाही.

एप्रिल २०१९मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ईएसएल वन ही डोटा २ या संगणकावरच्या खेळाची स्पर्धा झाली. पनवेलजवळच्या नावड्याहून तिथे जायचं, तर तेव्हा दिवा-पनवेल मार्गावरच्या मोजक्या गाड्यांवर भिस्त होती. जवळची पेंधर-बेलापूर मेट्रो सुरू झाली ती पुढे नोव्हेंबर २०२३मध्ये. घरी तोच सामना इंटरनेटवर फुकट दिसत होता. आवडते खेळाडू बघायला लोक जातात म्हणावं, तर खेळाडू पाच मिनिटांत बघून होतो, आणि लोक तर दिवसभर बसतात.

अभ्यासू मंडळींचं उत्तर वेगळं आहे: प्रेक्षक शिकायला येतो. आधाराला बहुधा हमारी आणि श्योब्लोम या फिनलंडमधल्या संशोधकांचा २०१७चा निबंध असतो. ज्ञान मिळवणं, रोजच्या जगण्यातून सुटका, नावीन्य अशा प्रेरणांचा पाहण्याच्या वारंवारतेशी संबंध त्यात दाखवला आहे. निबंधाशी माझं भांडण नाही. पण तो इंटरनेटवर सामने पाहणाऱ्यांविषयी आहे, आणि त्याचे निष्कर्ष उचलून सभागृहावर लादले जातात. शिकायचंच असेल, तर घर केव्हाही बरं. तिथे सामना थांबवता येतो, मागे नेता येतो, एकच चाल दहादा पाहता येते. सभागृहात यातलं काहीही होत नाही. रोजच्या जगण्यातून सुटका हवी असेल, तर ती खोलीचं दार लावूनही मिळते. ज्या कारणाची पूर्तता घरी अधिक चांगली होते, ते घर सोडण्याचं कारण असूच शकत नाही.

उत्तर खेळाच्या रचनेत आहे. डोटामध्ये प्रत्येक संघाला आपल्या नजरेच्या टप्प्यातलाच नकाशा दिसतो, बाकी अंधार. प्रेक्षकाला दोन्ही बाजू दिसतात. एक संघ गुपचूप रोशान या राक्षसाला मारायला निघाला आहे आणि दुसऱ्याला पत्ताच नाही, हे अख्ख्या सभागृहाला ठाऊक असतं. बीजीएमआय या मोबाइलवरच्या नेमबाजीच्या खेळात भिंतीआड दबा धरून बसलेला शत्रू आपल्याला दिसतो, त्या भिंतीकडे निघालेल्या खेळाडूला दिसत नाही. मैदानी खेळांत प्रेक्षकाला इतकं जास्तीचं क्वचितच कळतं. इथे गर्दीच्या ओरडण्यावरून सुगावा लागू नये म्हणून खेळाडूंचे कान झाकावे लागतात.

हे गुपित घरीही कळतं, हे मान्य. पण मला माहीत असणं वेगळं आणि आपल्या सगळ्यांना माहीत आहे हे मला माहीत असणं वेगळं. घरी पडद्यावर सामन्याशेजारी चालणाऱ्या चॅटमधला मजकूर कुणाकडे आधी पोचतो, कुणाकडे नंतर. सभागृहात शेजाऱ्याचा श्वास त्याच क्षणी अडकतो आणि तो अडकलेला मला कळतो. माणूस तिकीट काढतो ते यासाठी.

रायगडातल्या गावोगावच्या टेनिस क्रिकेट स्पर्धा यूट्यूबवर थेट दिसतात, तरी मैदानाच्या कडा भरलेल्या असतात. तिथे गुपित नसतं, पण फलंदाज चुकला हे सगळ्यांनी एकत्र जाणण्याची ओढ तीच.

सगळे प्रेक्षक असेच असतात असा दावा मी करणार नाही; कुणी मित्रांच्या आग्रहाखातरही येत असेल. पण उद्या पनवेल-तळोजाच्या बाजूला ई-स्पोर्ट्ससाठी सभागृह उभं राहिलं, तर पडदा किती फुटांचा हा प्रश्न दुय्यम ठरायला हवा; मुख्य प्रश्न लोक कसे बसतील हा. कबड्डीच्या मैदानाभोवती लोक चारही बाजूंनी बसतात आणि समोरच्यांचे चेहरे त्यांना दिसत राहतात. सिनेमागृहासारखी, सगळ्यांनी एकमेकांच्या पाठी बघत बसायची रचना केली, तर ज्यासाठी माणूस आला तेच आपण त्याच्यापासून काढून घेऊ.