चांगल्याला चांगलं म्हणावं



या वेळी परभणीत कितीतरी घरांत परात पुढ्यात आली असेल. ज्वारीच्या पिठात कढत पाणी. तळहाताचा जोर. थापलेल्या भाकरीवर पाण्याचा हलका हात. भाकरी टम्म फुगते. कुणा ताईंच्या या भाकरी दुपारी खानावळीत जातात, कुणाच्या डब्यात जातात. त्यावर त्यांचं घर चालतं.

ही ज्वारी आपल्या काळ्या मातीतली. ‘परभणी मोती’ हे वाण आपल्याच कृषी विद्यापीठानं दिलं. लोह आणि जस्त अधिक असलेली ‘परभणी शक्ती’ही त्याच विद्यापीठानं प्रसारित केली. इतकं कसदार धान्य, इतके कसबी हात आपल्या दाराशी आहेत. चांगल्याला चांगलं म्हणावं.

परदेशी साखळीच्या पिझ्झाच्या दुकानात आपण छापील किंमत निमूट देतो. भाकरीवाल्या ताईंशी मात्र दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. पिझ्झा खाण्यात गैर काही नाही. पण मोठ्या नावाला मान आणि ओळखीच्या कष्टाशी हुज्जत, हे बरं नव्हे.

मंडळी, जवळच्या माणसाचे गुण आपल्याला उशिरा दिसतात. म्हणून ते मुद्दाम पाहावेत. कौतुकानं उमेद वाढते. योग्य दामानं घर सावरतं. काही कमी वाटलं, तर तेही आपुलकीनं सांगावं. चांगल्याला चांगलं म्हणावं. तोंडभरून म्हणावं. आणि त्याचं मोल खळखळ न करता द्यावं.