बेडकाचा पाय आणि गाल्वानीची शपथ

पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या एका वृद्ध गृहस्थांच्या भेटीस गेलो होतो. त्यांची वाचा गेली आहे. उरल्या आहेत त्या दोन-तीन शिव्या. निघताना त्यांच्या पत्नीने मला ओट्यावर गाठून विचारले, “फादर, जन्मात यांच्या तोंडून वाईट शब्द गेला नाही. हे पाप यांच्या माथी लागेल का?”

आपला प्रत्येक शब्द चेतापेशींतील विद्युत्-स्पंदांवर अवलंबून असतो. विश्रांत अवस्थेत पेशीचा अंतर्भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० सहस्रांश व्होल्ट ऋण असतो. पुरेशी चेतना मिळताच पेशीपटलातील सूक्ष्म दारे उघडतात, धनभारित सोडियम आत धावते आणि क्षणभर अंतर्भाग धन होतो; मग पोटॅशियम बाहेर पडून तोल सावरते. सारा व्यवहार एक-दोन सहस्रांश सेकंदांचा! ही लाट लांब तंतूवरून पुढे सरकते व टोकाशी बहुधा रासायनिक द्रव्यामार्फत पुढच्या पेशीला निरोप देते. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ साली हे गणित मांडले, ते माकुलाच्या जाड तंतूवर प्रयोग करून. आपल्या किनाऱ्यावर ज्याचे कालवण होते, त्याच जातकुळीचा हा प्राणी.

स्पंद उठतो तर पुरता, नाहीतर मुळीच नाही. आशीर्वादासाठी उचललेल्या आणि थप्पड मारणाऱ्या हातांतील स्पंद एकाच जातीचे. मग पाप-पुण्य राहते कोठे?

या विद्येचा आरंभ इटलीतील बोलोन्या येथे झाला. लुइजी गाल्वानीने मेलेल्या बेडकाचा पाय विजेने आखडतो हे पाहिले आणि १७९१ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे नेपोलियनच्या छत्राखालील नव्या प्रजासत्ताकाने प्राध्यापकांकडून निष्ठेची शपथ मागितली. गाल्वानीने ती नाकारली. १७९८ साली त्याचे पद गेले आणि त्याच वर्षी तो निवर्तला. ‘नाही’ म्हणताना त्याच्या जिभेतही वीजच खेळली असणार. तरीही बेडकाच्या पायाने काही नाकारले नव्हते. गाल्वानीने नाकारले होते.

संत थॉमस अक्वायनस हाच भेद करतात. विचारात गढलेला माणूस नकळत दाढी कुरवाळतो, ती माणसाकडून घडलेली क्रिया; जाणून, इच्छेने केलेली ती खरी मानवी कृती. १९६३ साली हॉजकिन-हक्सलींसह नोबेल पारितोषिक मिळवणारे एकल्स मन हे मेंदूहून वेगळे असून त्यावर प्रभाव टाकते, असे मानीत. मला मात्र आत्म्याला असे यंत्रचालक करणे रुचत नाही. थॉमसच्या मते आत्मा हे देहाचेच रूपतत्त्व आहे.

त्या माउलीला मी म्हटले, “बाई, त्या शिव्या त्यांनी दिलेल्या नव्हेत. आजाराने निसटलेल्या आहेत.”

तिचा चेहरा निवळला. मग जरा थांबून ती म्हणाली, “पण फादर, रात्री कधी कधी माझा हात घट्ट धरतात. तेही मग त्यांचं नसेल का?”

मी पुन्हा आत गेलो आणि त्यांच्या उशाशी बसलो.